मोरीचे पाणी आणि मोहाची रोपे



आपल्या वसतिगृहातील मुली दरवर्षी जूनमध्ये सुट्टीनंतर परत येतात, तेव्हा प्रत्येकीच्या पिशवीत घरच्या शिवारातले काहीतरी असते: मोहाच्या बिया, आवळे, सागरगोटे, आमचुराची पुडी. चार वर्षांपूर्वी आम्ही ठरवले की या बियांची रोपे आवारातच करायची आणि पुढच्या पावसाळ्यात प्रत्येक मुलीने एक रोप आपल्या पाड्यावर नेऊन लावायचे. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या कुटुंबांना मोहाचे झाड काय असते हे वेगळे सांगायला नको. फूल विकता येते, बियांचे तेल निघते, उन्हाळ्याच्या पडत्या दिवसांत घरात दोन पैसे येतात. झाड मात्र फळाला यायला आठ-दहा वर्षे घेते. म्हणून सातवीतल्या मुलीने लावलेले रोप म्हणजे तिच्या संसाराची शिदोरीच.

पहिल्या वर्षी आम्ही १५० पिशव्या भरल्या. पुढच्या जूनला त्यांतली जेमतेम ३० रोपे जिवंत होती. बाकीची कशी गेली, त्यात माझा वाटा किती होता आणि त्यातून कपडे धुण्याच्या साबणाविषयी आम्ही काय शिकलो, ते या लेखात सांगते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अंगण आहे, कुंड्या आहेत, उन्हाळ्यात पाण्याची ओढ आहे. तेव्हा हा अनुभव तुमच्याही कामी येईल.

चूक कशी झाली

आमच्याकडे ८० मुली आहेत. रविवारी सकाळी कपडे धुण्याचा कार्यक्रम असतो. एका मुलीला तीन बादल्या धरल्या तरी २४० बादल्या होतात. १५ लिटरची बादली धरली तर ३,६०० लिटर पाणी. मार्चपासून बोअरला पाणी कमी येते, एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागतो. इतके पाणी धोबीघाटावरून ओढ्याकडे वाहून जाते हे मला बघवेना. मीच काकांना सांगून एक चर खणून घेतला आणि ते सगळे पाणी रोपवाटिकेत आणि भाजीच्या वाफ्यांत वळवले. पाणी वाचवल्याचे समाधान वाटले. मुलींनाही मी मोठ्या अभिमानाने ते दाखवले होते.

त्याच वर्षी एका मंडळीने प्रेमाने कपडे धुण्याच्या पावडरीची पोती भेट दिली होती. पावडर भरपूर होती, त्यामुळे हातही सैल झाला. मुली बादलीत मूठभर, कधी दोन मुठी टाकत. फेस आला की कपडे स्वच्छ, असा आपला सगळ्यांचाच समज.

जानेवारीत लिंबाच्या रोपांच्या पानांच्या कडा करपल्या. फेब्रुवारीत घेवडा पिवळा पडला. कोवळ्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसे. आम्ही पाणी कमी पडते असे समजून आणखी पाणी दिले. मार्चमध्ये पिशव्यांतली माती विटेसारखी घट्ट झाली, वर पांढरट पापुद्रा धरला आणि ओतलेले पाणी वरच तरंगू लागले.

कारण सांगितले ते एका मुलीच्या वडिलांनी. ते दरवर्षी ऊसतोडीला जातात. मुलीला भेटायला आले होते, वाफ्यापाशी उकिडवे बसले, माती बोटांनी चोळून पाहिली आणि म्हणाले, "बाई, ही तर चोपण झाली. तिकडे कॅनॉलच्या उसात जमीन अशीच होते. पाणी पीत नाही." मग त्यांनी चराकडे पाहिले आणि विचारले, "यात काय सोडता?"

मी वीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे. उत्तर माझ्या वहीत होते, फक्त मी ते मोरीपर्यंत कधी आणले नव्हते.

पावडरीत असते काय

कपडे धुण्याच्या पावडरीत मळ काढणारा पदार्थ एक भाग असतो. बाकीचा बराच भाग इतर गोष्टींचा: धुण्याचा सोडा, सोडियम सल्फेट, सोडियम सिलिकेट, कधी साधे मीठ. धुण्याचा सोडा पाणी मऊ करतो आणि तेलकटपणा काढतो. सल्फेट आणि मीठ बहुतेक वेळा भर म्हणून, पावडर मोकळी राहावी म्हणून घातलेले असते. स्वस्त पावडरीत ही भर जास्त.

या सगळ्या नावांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे सोडियम. रोपाला सोडियम फारसे लागत नाही. ते मातीत साठले की दोन प्रकारे त्रास देते. एक, मुळांना पाणी ओढणे जड जाते. ओल असूनही रोप तहानलेले राहते. दोन, मातीची घडण बिघडते. आपल्या काळ्या मातीचे कण चुन्यामुळे, म्हणजे कॅल्शियममुळे, एकमेकांना धरून रवाळ राहतात. सोडियमने त्याची जागा घेतली की कण सुटे होतात, पाण्यात पिठासारखे पसरतात आणि वाळले की चिकटून कवच धरतात. त्यालाच शेतकरी चोपण म्हणतात.

याशिवाय सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी होते. पावडर मिसळलेल्या पाण्याचा सामू सहज १० च्या आसपास जातो. बहुतेक झाडांना ६ ते ७.५ सामूची माती मानवते. सामू वाढला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. आमच्या घेवड्याची पिवळी पाने हेच सांगत होती. काही धुण्याच्या पदार्थांत टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, असतो. त्यातले बोरॉन झाडाला चिमूटभर लागते, पण चिमटीच्या वर गेले की विष ठरते. लिंबूवर्गातील झाडे तर त्याला फारच हळवी.

पिशवीतल्या रोपांना सगळ्यात जास्त फटका का बसला, तेही यावरून कळते. जमिनीतल्या झाडाला पसरायला जागा असते, पावसात क्षार खाली वाहून जातात. पिशवीत किंवा कुंडीत माती थोडी, आणि दर आठवड्याला आलेला क्षार तिथेच साठत राहतो.

वेष्टनावरचे शब्द

त्यानंतर मी दुकानात जाऊन पुड्या उलटसुलट करून वाचू लागले. 'हर्बल', 'नैसर्गिक', 'लिंबाच्या शक्तीसह' हे शब्द झाडांच्या दृष्टीने काहीच सांगत नाहीत. 'जैवविघटनशील' हा शब्द खरा असला तरी तो मळ काढणाऱ्या पदार्थापुरता असतो. तो पदार्थ जिवाणू खाऊन टाकतात. सोडियम हे मूलद्रव्य आहे, ते कोणताही जिवाणू खात नाही. ते आले तेवढे राहते.

केंद्र सरकारने १९९१ साली पर्यावरणाला कमी घातक वस्तूंसाठी 'इकोमार्क' योजना आणली. तिचे चिन्ह मातीचा घडा. साबण आणि डिटर्जंट त्या योजनेत होते. आमच्या बाजारात मला तो घडा कुठल्या पुडीवर दिसला नाही, पण तुम्हाला दिसला तर अवश्य घ्या.

माझी एक भाची मेलबर्नला असते. तिला हे सगळे कळवले तेव्हा तिने सांगितले की तिकडे घरचे धुण्याचे पाणी बागेला देणारे लोक आधी फॉस्फरस पाहतात. ऑस्ट्रेलियाची माती फार जुनी, झिजलेली आणि स्फुरदाने दरिद्री. तिथली बँक्सिया, ग्रेव्हिलिया यांसारखी मूळची झाडे कमी स्फुरदावर जगायला शिकली आहेत. जास्त मिळाले तर ती करपतात. म्हणून तिकडे पुड्यांवर फॉस्फरस नसल्याची खूण पाहून खरेदी करतात. आपल्या मोह, आवळा, करंजाला तेवढी भीती नाही. आपल्याकडे स्फुरदाचा त्रास होतो तो ते पाणी तळ्यात किंवा ओढ्यात गेल्यावर, शेवाळ माजते म्हणून. तेव्हा फॉस्फरस नसलेली पुडी मिळाली तर चांगलीच, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. आपल्या काळ्या मातीत पहिला प्रश्न सोडियमचाच विचारावा.

घरच्या घरी तीन चाचण्या

आपल्याकडच्या अनेक पुड्यांवर घटकांची पूर्ण यादी सापडत नाही. म्हणून मुलींबरोबर आम्ही तीन सोप्या चाचण्या करतो. त्यांना ही प्रयोगशाळा फार आवडते.

पहिली लिंबाची. चमचाभर पावडर वाटीत घ्या, तिच्यावर लिंबाचा रस पिळा. सोडा जितका जास्त तितकी ती जोरात फसफसते. दोन-तीन पावडरी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की फरक लगेच कळतो.

दुसरी हळदीची. भाजीचा डाग साबण लागताच लाल होतो हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. हळद अल्कधर्मी पाण्यात लाल होते, म्हणूनच. थोड्या पाण्यात हळद कालवा, त्यात पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. बागेला द्यायच्या पाण्यात पट्टी बुडवा. पिवळी राहिली तर ठीक. तांबूस झाली तर ते पाणी रोपांना नको. आधी एक पट्टी साध्या पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे तुलना करता येते. लक्षात असू द्या, ही पट्टी सोडा ओळखते. मीठ आणि सल्फेट तिला कळत नाही.

तिसरी मातीची. वाफ्यातले हरभऱ्याएवढे वाळलेले ढेकूळ काचेच्या पेल्यात, पावसाच्या साठवलेल्या पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. ढेकूळ फुटून तळाशी रवाळ पडले आणि पाणी नितळ राहिले तर माती बरी आहे. त्याच्याभोवती दुधासारखे गढूळ वलय पसरले तर सोडियम साठू लागले आहे. आमच्या रोपवाटिकेतल्या मातीने पेला तासाभरात गढूळ केला होता, आणि चराच्या पलीकडची माती तशीच नितळ राहिली होती. हे पाहून मुली एकदम गप्प झाल्या. मीही.

शंका राहिली तर माती परीक्षण प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात नमुना द्यावा आणि सामू व क्षारता दोन्ही विचारावीत.

मग कपडे कशाने धुवायचे

सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही. पाणी कसे आहे त्यावर ते ठरते.

पाणी मऊ असेल, म्हणजे पावसाचे, नदीचे किंवा धरणाच्या नळाचे, तर तेलापासून केलेला साधा साबण पुरतो. त्यातही सोडियम असते, पण भर नसते आणि थोडक्यात काम होते. मात्र साबणाची वडी आणि डिटर्जंटची वडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत; डिटर्जंटच्या वडीत पुन्हा सोडा आणि भर आलीच.

बोअरचे पाणी जड असेल तर साबणाला फेस येत नाही, कपड्यावर चिकट साय धरते आणि साबण भराभर झिजतो. आमचे तेच झाले. दोन महिने साबणाच्या वड्या वापरून पाहिल्या. मुलींचे पांढरे गणवेश राखाडी झाले आणि स्वयंपाकाच्या मावशींनी मला स्पष्ट सांगितले की बाई, हे चालायचे नाही. अशा वेळी पातळ डिटर्जंट बरे. पातळ प्रकारात पावडरीसारखी भर घालायला वाव नसतो, त्यामुळे सोडियम सहसा पुष्कळ कमी येते. ते महाग वाटते, पण टोपणाने मोजून वापरले तर तितके महाग पडत नाही. पोटॅशियमवर केलेला मऊ साबण मिळाला तर उत्तम, कारण पोटॅशियम म्हणजे पालाश, झाडाचे अन्नच.

रिठा हा आपला जुना मित्र. टरफले रात्री भिजत घालून सकाळी उकळली की लोकरी आणि रंगीत कपडे छान निघतात, आणि पाण्यात सोडियम येत नाही. चिखलाचे गणवेश मात्र त्याने निघत नाहीत, आणि रोज ८० मुलींना पुरेल इतका रिठा आणायचा कुठून? एक सावधगिरी: रिठ्याचे पाणी ओढ्यात सोडू नये, ते माशांना घातक असते. चुलीची राख भांड्यांना चांगली. तिच्यात पालाश असते, पण तिचे पाणीही तिखट, ते रोपांवर ओतू नये.

आपल्या आजीच्या काळी मोरीमागे अळू, कर्दळ आणि केळ हिरवीगार असायची, हे अनेकांनी पाहिले असेल. तेव्हा मोरीत जायचे ते अंघोळीचे पाणी, शिकेकाई, थोडासा साबण. मोरी तीच राहिली, तिच्यात जाणारे पदार्थ बदलले.

आमची आजची रीत

धुण्याच्या पाण्याचे आम्ही भाग केले. पहिले पाणी, ज्यात कपडे भिजवतो आणि घासतो, ते शोषखड्ड्यात जाते. साबणाचा मोठा हिस्सा त्यातच असतो. शोषखड्डा विहिरीपासून दूर, करंज आणि कडुनिंबाच्या रांगेजवळ आहे. ही दोन्ही झाडे क्षार बऱ्यापैकी सोसतात. दुसरे आणि तिसरे, म्हणजे खळबळलेले पाणी, तेवढेच चरात सोडतो. अंघोळीचे पाणी सगळ्यात सौम्य, ते बिनधास्त झाडांना जाते.

हे पाणी मोठ्या झाडांच्या बुंध्यापासून थोडे दूर, पालापाचोळ्याच्या आच्छादनाखाली देतो. पानांवर शिंपडत नाही. आवळा ते सोसतो. लिंबू, आंबा आणि घेवड्याला देत नाही. पिशव्यांतल्या रोपांना आणि कच्च्या खायच्या भाज्यांना, कोथिंबीर, मुळा, गाजर यांना, फक्त ताजे पाणी. चार वेळा हे पाणी दिले की पाचव्या वेळी साधे पाणी भरपूर देतो, म्हणजे साठलेला क्षार खाली जातो. पावसाळ्यात चर बंद. पाऊस माती धुऊन काढतो.

पाणी साठवून ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो आणि डास होतात. फिनेल, ब्लीचिंग पावडर, संडास धुण्याचे ॲसिड ज्यात गेले ते पाणी बागेत कधीच नाही. पाळीचे कपडे आणि आजारी मुलीचे कपडे धुतलेले पाणी शोषखड्ड्यात. भांड्यांच्या तेलकट पाण्याने मातीची छिद्रे बुजतात, म्हणून तेही तिकडेच.

मूठ बंद झाली. आता भांडारात टोपण बांधून ठेवले आहे. एका बादलीला एकच टोपण, आणि ते मोठ्या वर्गातली मुलगी मोजून देते. कपडे पूर्वीइतकेच स्वच्छ निघतात.

बिघडलेल्या वाफ्यांत आम्ही माती परीक्षणानंतर सांगितले तेवढे जिप्सम आणि शेणखत मिसळले आणि पावसाळ्यात पाणी मुरू दिले. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला जागेवरून उठवतो, पण त्याला वाहून न्यायला भरपूर चांगले पाणी लागते. नुसते जिप्सम टाकून भागत नाही. एका पावसाळ्यात माती निम्मी सुधारली, दुसऱ्यात घेवडा पुन्हा आला. पिशव्या मात्र सगळ्या फोडून नव्या मातीने भराव्या लागल्या.

गेल्या जूनमध्ये ११८ रोपे मुलींबरोबर पाड्यांवर गेली. ज्या वडिलांनी माती चोळून पाहिली होती, त्यांच्या लेकीच्या हातात दोन होती, एक मोहाचे आणि एक आवळ्याचे.

एक विनंती

नाताळच्या सुमारास आपण वसतिगृहाला वस्तुरूपाने मदत पाठवता. त्या पावडरीच्या पोत्यांमागचे प्रेम आम्ही विसरलो नाही, आणि रोपे गेली यात दोष देणाऱ्यांचा मुळीच नाही. चर मी खणवला होता. पण पुढच्या वेळी पावडरीऐवजी पातळ डिटर्जंटचे कॅन पाठवता आले तर फार उपकार होतील. अंघोळीच्या साबणाच्या वड्या नेहमीच लागतात. कुणाच्या दारात रिठ्याचे झाड असेल तर वाळलेली फळे पाठवावीत.

आणि आपल्या घरी आज संध्याकाळी हळदीची एक पट्टी करून मोरीच्या पाण्यात बुडवून पाहा. लाल झाली तर कुंडीतल्या तुळशी-गुलाबाला ते पाणी देऊ नका, आणि आम्हाला कळवा की तुम्ही काय बदलले. एदेन बाग माणसाकडे दिली ती मशागत आणि राखण करण्यासाठी. आमच्या वाट्याला आलेली बाग धोबीघाटाच्या पलीकडे, दोन गुंठ्यांची आहे. तिची राखण कशी करायची हे आम्ही उशिरा शिकलो, पण शिकलो. आपल्या प्रार्थनेत मुलींची आणि त्यांच्या रोपांची आठवण ठेवा.